"वस्तीत याचं नाव खराब आहे": शिक्षा ठरवताना ऐकीव गोष्टी किती धरायच्या?

झिरोमाईल

हा धागा शिक्षेच्या सुनावणीबद्दल आहे. आरोपी दोषी की निर्दोष हे ठरून गेलेलं आहे आणि आता किती वर्षं, एवढाच प्रश्न उरलाय, त्या टप्प्याबद्दल.

मी नागपुरात आणि आसपासच्या जिल्ह्यांत फौजदारी वकिली करते. खटला चालू असतो तोवर ऐकीव पुराव्यावर सगळ्यांची करडी नजर असते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून "मला शेजारच्या काकूंनी सांगितलं" म्हणाला की बचावाचा वकील लगेच हरकत घेतो. साक्ष कायद्याचं जुनं कलम ६०, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ५५, दोन्ही एकच सांगतात: तोंडी पुरावा थेट हवा. पाहिलेली गोष्ट पाहणाऱ्यानं सांगायची, ऐकलेली गोष्ट ऐकणाऱ्यानं. जो माणूस न्यायालयात आलाच नाही त्याची उलटतपासणी कशी घेणार? त्यानं किती अंतरावरून पाहिलं, उजेड होता का, आरोपीशी त्याचं जुनं भांडण होतं का, हे कोणाला विचारणार? मृत्युपूर्व जबाबासारखे अपवाद आहेत, पण ते मोजके, आणि त्यांची कारणं कायद्यानं सांगितलेली आहेत.

दोषसिद्धी झाली की मात्र सगळं सैल होतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५(२) प्रमाणे, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या २५८(२) प्रमाणे, आरोपीला शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकायचं असतं. पुष्कळदा हे त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर उरकतं. सरकारी वकील उभे राहतात: "आरोपी सराईत आहे, परिसरात त्याची दहशत आहे, त्याच्यावर इतरही गुन्हे दाखल आहेत." सोबत एक टाइप केलेला तक्ता. गुन्हा क्रमांक, कलमं, पोलीस ठाणं, आणि शेवटचा रकाना "सद्यस्थिती". मी पाहिलेल्या कितीतरी तक्त्यांत हा शेवटचा रकाना एकतर "न्यायप्रविष्ट" असतो किंवा कोरा. शपथेवर कोणी काही सांगत नाही. दहशत कोणाला वाटते, त्याचं नाव नाही. आणि निकालपत्रात मग एक ओळ उतरते: "आरोपीची पार्श्वभूमी पाहता दया दाखवणे उचित नाही."

माझं मत स्पष्ट आहे. शिक्षा वाढवणारी प्रत्येक गोष्ट गुन्ह्याइतक्याच कडकपणे सिद्ध झाली पाहिजे. शिक्षा कमी करणाऱ्या गोष्टीला थोडी मोकळीक चालेल, कारण तिथं चूक झाली तर एखाद्याचं स्वातंत्र्य नाहक जात नाही. तुम्हा सगळ्यांना काय वाटतं?

तर्रीपोहे

ताई, मी काही वकील नाही, इतवारीत दुकान आहे माझं. मले एक सांगा, माणूस दोषी ठरला नं? मग तो कसा आहे हे जजसाहेबाले कळाले नको का? आपण घर भाड्यानं देतो तरी चार लोकांले विचारतो. सारी वस्ती एकच गोष्ट सांगून राहिली असन तर ते काहून खोटं असन?

झिरोमाईल

भाऊ, कळायलाच पाहिजे. फक्त ज्यानं सांगितलं त्याला समोर आणा, एवढंच म्हणणं आहे. भाडेकरू म्हणून नाकारलं तर माणूस दुसरं घर बघतो. इथं तीन वर्षांची सात वर्षं होतात, आणि ती कोणाच्या शब्दावर झाली हे त्याला कधीच कळत नाही.

निवृत्त_अंमलदार

पोलीस खात्यात आयुष्य गेलं, म्हणून त्या तक्त्यामागची बाजू सांगतो.

तक्ता आता संगणकावरून निघतो. नाव, वडिलांचं नाव, वय, पत्ता जुळवून नोंदी काढतात. एकाच आडनावाच्या दोन पोरांच्या नोंदी एकमेकांत मिसळलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. निर्दोष सुटल्याची नोंद चढायला उशीर होतो. तपास अधिकारी बदलून गेलेला असतो, आणि तक्ता काढणाऱ्या शिपायाला उद्या कोर्टात कागद पोचवायचा असतो. हे मी मान्य करतो.

पण वकीलताई, दुसरी बाजूही ऐका. वस्तीत चौकशीला गेलं की टपरीवर दहा जण सांगतात. यानं हप्ता मागितला, त्याच्या बायकोची छेड काढली, परवा चाकू काढला. ठिकाण, वार, वेळ सगळं सांगतात. "चला, जबाब लिहून घेतो, सही करा" म्हटलं की टपरी रिकामी. ज्याच्या पोटावर चाकू लागला तोच म्हणतो, साहेब मी पडलो होतो. दोन लेकी शाळेत जातात आणि तो पोरगा जामिनावर सुटून त्याच गल्लीत येणार, तर काय करेल बाप?

कायद्यालाही हे ठाऊक आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ५६ बघा. साक्षीदार भीतीपोटी उघड पुढे येत नाहीत असं अधिकाऱ्याचं मत झालं तर तडीपार करता येतं. १९८१ च्या एमपीडीएखाली, म्हणजे झोपडपट्टीदादा वगैरे धोकादायक लोकांना आळा घालायच्या राज्याच्या कायद्याखाली, तर वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येतं. त्यात गोपनीय जबाब असतात, साक्षीदार 'अ' आणि साक्षीदार 'ब'. नाव झाकलेलं, पत्ता झाकलेला. तिथं ऐकीव चालतं, मग शिक्षेच्या वेळीच एवढं सोवळं कशाला?

झिरोमाईल

काका, तुमच्या टपरीच्या वर्णनातला शब्दन् शब्द खरा आहे, भीतीला खोटं म्हणायची माझी तयारी नाही. पण दोन फरक आहेत.

'अ' आणि 'ब' हे साक्षीदार निनावी असले तरी ऐकीव असायला नकोत. त्यांनी आपल्यावर काय गुदरलं ते सांगायचं असतं, आणि वरिष्ठ अधिकाऱ्यानं त्यांना भेटून जबाबाची पडताळणी करायची असते. नागपूर खंडपीठात असे आदेश रद्द होतात तेव्हा भांडण बहुधा याच पडताळणीवर असतं: साहेब खरंच भेटले, की नुसतं "पडताळणी केली" लिहून सही ठोकली?

दुसरं, तडीपारी आणि स्थानबद्धता हे प्रतिबंध आहेत, शिक्षा नव्हे, आणि तरीही त्यांना मर्यादा आहेत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये दीपक डोंगरे प्रकरणात सांगितलं की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, देशात कुठंही फिरण्याच्या मूलभूत हक्कावर तो घाव घालतो, तेव्हा सरधोपट वापरू नका. घराबाहेर काढण्यासाठी एवढी काळजी घ्यायची, तर तुरुंगातली वर्षं वाढवताना त्याहून जास्त घ्यायला नको का?

उत्तर_नागपूर

नागपुरात राहून या विषयावर बोलायचं आणि कस्तुरबा नगर आठवायचं नाही, हे शक्य नाही. १३ ऑगस्ट २००४. जिल्हा न्यायालयाच्या खोलीत जमावानं त्या वस्तीतल्या अक्कू यादव या गुंडाला ठार मारलं, आणि मारणाऱ्यांत वस्तीतल्या बायका होत्या असं साऱ्या देशानं वाचलं. त्या बायकांचं म्हणणं होतं की आम्ही वर्षानुवर्षं सांगत होतो, पोलीस दाद देत नव्हते.

कायदा हातात घेणं बरोबर होतं असं मी म्हणत नाहीये. पण "वस्तीत बोललं जातं" या तीन शब्दांना इथं कमी लेखू नका. त्या बाया जे सांगत होत्या ते ऐकीव नव्हतं, अंगावर झेललेलं होतं. ते कोणी नीट लिहून घेतलं नाही, सही घेऊन संरक्षण दिलं नाही, म्हणून कागदावर ते "परिसरात दहशत" एवढंच उरलं. प्रत्यक्ष साक्षीची अशीच अफवा बनते. मग कोर्टानं अफवा मानू नये हे बरोबरच, पण आधी ज्यांनी साक्ष वाया घालवली त्यांना कोण विचारणार?

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ नं राज्यांवर तशी योजना करायचं बंधन आहे. माझा प्रश्न या धाग्यावरच्या वकिलांना: तुमच्यापैकी कितींनी एखाद्या साक्षीदारासाठी तसा अर्ज केलाय? आमच्या वस्तीत तर ही योजना आहे हेच कोणाला ठाऊक नाही.

निवृत्त_अंमलदार

ताई, बरोबर बोललात. संरक्षण म्हणजे दारात दोन शिपाई, एवढंच लोकांना वाटतं. ओळख लपवून साक्ष घेणं, आरोपी आणि साक्षीदार समोरासमोर येणार नाहीत असं बघणं, हेही त्यात येतं. आम्हालाच उशिरा कळलं, लोकांना काय सांगणार.

समाजकार्यवाली

वकील आणि पोलीस बोलले, आता मधल्या माणसाचं ऐका. परिविक्षा (प्रोबेशन, म्हणजे तुरुंगात न पाठवता देखरेखीखाली सोडणं) अधिकाऱ्यांच्या हाताखाली मी गृहचौकशीचं काम केलं आहे. गुन्हेगार परिविक्षा अधिनियम १९५८ खाली, विशेषतः आरोपी एकवीसच्या आतला असला, की न्यायालय अहवाल मागवतं. तो अहवाल जवळजवळ पूर्ण ऐकीव असतो. दुसरा होऊच शकत नाही. मुलाचं बालपण, बापाची दारू, शाळा कधी सुटली, मालक काय म्हणतो, हे कोणाच्या ना कोणाच्या तोंडूनच येणार.

म्हणून ऐकीव सरसकट बाहेर ठेवा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण ते कसं गोळा होतं ते सांगते.

एका चोरीच्या प्रकरणात मी पोराच्या गल्लीत गेले. पहिल्या घरातल्या बाई ठामपणे म्हणाल्या, "पहिल्यापासून हातलंबा आहे तो." दुसऱ्या घरी तेच उत्तर. तिसऱ्या घरी तेच, अगदी त्याच शब्दांत. तीन घरं, तीन सारखी मतं, अहवालात लिहायला सोपं. मला ते "हातलंबा" खटकलं. तिघींच्या तोंडी एकच शब्द कसा? परत दुसऱ्या घरी जाऊन विचारलं, काकू, तुम्ही स्वतः काय पाहिलं? त्या थांबल्या. "मी नाही पाहिलं बाई, हिनं सांगितलं," म्हणून पहिल्या घराकडे बोट. तिसरीनं दुसरीकडून ऐकलेलं. आणि पहिल्या घराचा या पोराच्या आईशी सामाईक नळाच्या पाण्यावरून दोन उन्हाळ्यांपासून वाद. पोराच्या मालकाकडे गेले तर त्यानं गल्ल्याची चावी त्याच्याकडे असायची असं सांगितलं. तो मालक चोरीच्या घटनेबद्दल संतापलेला होता, तरी हे सांगितलं.

दुसऱ्यांदा गेले नसते तर अहवालात काय आलं असतं? "शेजाऱ्यांच्या मते वर्तन समाधानकारक नाही." छापील नमुन्यात ही ओळ बसते, न्यायाधीश ती वाचतात, आणि त्या ओळीमागे तीन माणसं आहेत की एक, हे कोणालाच दिसत नाही. तेव्हापासून मी प्रत्येक विधानापुढे लिहीत आले: सांगणाऱ्याचं आरोपीशी नातं काय, स्वतः पाहिलं की ऐकलं, ऐकलं तर कोणाकडून. अहवाल लांबतो, वरून बोलणी बसतात. बसू देत.

आणखी एक. याच कायद्याचं कलम ७ अहवाल गोपनीय ठेवतं, पण त्याचा सारांश आरोपीला सांगून त्यावर पुरावा द्यायची संधी न्यायालय देऊ शकतं. वकील मंडळी हा सारांश मागतच नाहीत. का मागत नाही तुम्ही?

अंबाझरी_वाचक

एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाहेरची थोडी भर घालतो, कारण हा वाद अमेरिकेत फार जुना आहे.

१९४९ चं विल्यम्स विरुद्ध न्यूयॉर्क. ज्युरीनं खुनात दोषी ठरवलं आणि जन्मठेपेची शिफारस केली. न्यायाधीशानं मृत्युदंड सुनावला. आधार काय, तर शिक्षेपूर्वीच्या अहवालातली माहिती: तीस घरफोड्यांशी संबंध, ज्यांत त्याला कधी दोषी ठरवलंच नव्हतं. अहवालाला माहिती देणाऱ्यांची उलटतपासणी झाली नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हे चालेल म्हटलं. शिक्षा माणसाला बघून द्यायची असेल तर न्यायाधीशाला जास्तीत जास्त माहिती हवी, आणि पुराव्याचे कडक नियम लावले तर ती मिळणार नाही, असा युक्तिवाद. हेतू चांगला होता, पण त्या माणसाला मृत्युदंड सुनावला गेला तो त्या माहितीवर.

पुढं १९७७ च्या गार्डनर विरुद्ध फ्लोरिडामध्ये आरोपीला न दाखवलेल्या गोपनीय भागावर दिलेली फाशी टिकली नाही. आज तिथं फेडरल न्यायालयांत ऐकीव माहिती शिक्षेसाठी चालते, मात्र ती खरी असावी असं वाटण्याजोग्या पुरेशा खुणा हव्यात. खुणा पुरेशा कधी, यावर खटले चालूच असतात.

कॅनडाचा मार्ग मला जास्त पटतो. १९८२ च्या गार्डिनर निकालापासून शिक्षा वाढवणारी वादग्रस्त गोष्ट सरकारनं वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करायची. शिक्षा कमी करणाऱ्या वादग्रस्त गोष्टीला संभाव्यतेचं पारडं पुरतं, म्हणजे ती खरी असण्याची शक्यता जास्त दिसली तरी पुरे. झिरोमाईल ताईंचं मत थेट हेच आहे. तिथं ऐकीव गोष्ट आत येऊ शकते, पण समोरच्यानं "हे खोटं आहे" म्हटलं की सिद्ध करायचा भार सरकारवर येतो.

वैनगंगा

मी दुसऱ्या बाजूची आहे. माझ्या भावाचा खून झाला. जिल्हा सांगत नाही.

शिक्षेच्या दिवशी आरोपीच्या वकिलांनी एका पुढाऱ्याचं पत्र दिलं. "सदर इसम मनमिळाऊ, होतकरू, गावात चांगले वर्तन." ते पत्र लिहिणारा माणूस कोर्टात आला नव्हता. आरोपीला ओळखतो तरी का, हे कोणी विचारलं नाही. माझ्या आईला मात्र त्या दिवशी एक शब्द बोलू दिला नाही, तिचं काही "रेकॉर्डवर नाही" म्हणून. तुम्ही सगळे म्हणता, शिक्षा कमी करणाऱ्या गोष्टीला मोकळीक द्या, तिथं कोणाचं नुकसान होत नाही. आमचं झालं.

झिरोमाईल

वैनगंगा ताई, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच उत्तर द्यावंसं वाटलं नाही, म्हणून आज लिहितेय.

तुमच्या प्रकरणात जे झालं त्याला मी मोकळीक म्हणणार नाही. तपासणी झालीच नाही तिथं. सिद्ध करण्याचा भार हलका ठेवणं वेगळं आणि काहीच न विचारणं वेगळं. ते पत्र आल्यावर सरकारी वकिलांनी म्हणायला हवं होतं, पत्र देणाऱ्याला बोलवा, मला प्रश्न विचारायचे आहेत. १९७६ च्या संता सिंग निकालापासून कायदा हेच सांगतो की शिक्षेवरचं ऐकणं म्हणजे दोन वकिलांची दोन वाक्यं नव्हेत. दोन्ही बाजूंना सामग्री देता येते, आणि समोरच्यानं ती नाकारली तर पुरावाही देता येतो. तुमच्या आईनं काय गमावलं हेही त्या सामग्रीत यायला हवं होतं, तिच्याच तोंडून, शपथेवर. ते थेट आहे, त्यात ऐकीव काही नाही.

तर्रीपोहे

ताई, फाशीच्या केसमधी तरी हे सारं पाहतात का? थे तर परत नाही येत.

झिरोमाईल

भाऊ, तिथं सर्वोच्च न्यायालयानं सगळ्यात जास्त विचार केलाय, आणि त्यातले दोन निकाल आपल्या विदर्भातले आहेत.

१९८० च्या बच्चन सिंग निकालानं फाशी "विरळातल्या विरळ" प्रकरणापुरती ठेवली. आरोपी सुधारण्यापलीकडे गेलाय हे सरकारनं पुराव्यानं दाखवायचं, असंही त्यात आहे. आता अमरावती जिल्ह्यातलं वासनिक प्रकरण बघा. लहान मुलीवरचा अत्याचार आणि खून, ऐकवत नाही असा गुन्हा. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही फाशी कायम केली. पुनर्विलोकनात, म्हणजे त्याच न्यायालयानं आपला निकाल पुन्हा तपासला तेव्हा, डिसेंबर २०१८ मध्ये, तीन न्यायमूर्तींनी ती रद्द करून आयुष्यभर तुरुंग दिला. त्यातल्या कारणांपैकी एक या धाग्याचाच विषय आहे: आरोपीवर इतर खटले नुसते प्रलंबित आहेत, ही गोष्ट शिक्षा ठरवताना त्याच्याविरुद्ध धरता येत नाही. म्हणजे माझ्या त्या तक्त्यातला "न्यायप्रविष्ट" रकाना. ज्या खटल्यात तो अजून कायद्यानं निर्दोष आहे, त्याच खटल्याचं ओझं इथं कसं टाकणार?

मग मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश. फाशीच्या प्रकरणात खालच्या न्यायालयातच परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल, तुरुंगातल्या वर्तनाचा अहवाल, मानसिक तपासणी, हे सगळं रीतसर मागवा, असे निर्देश. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्याच दुपारे प्रकरणात न्यायालय म्हणालं की मनोजमधले निर्देश पाळले गेले नसतील तर फाशीचा प्रश्न पुन्हा उघडता येतो, पुनर्विलोकन फेटाळलेलं असलं तरी. दोषसिद्धी तशीच राहते, प्रश्न फक्त शिक्षेचा.

फाशीसाठी एवढं झालं. पण रोजच्या कोर्टात तीन, सात, दहा वर्षांच्या शिक्षा होतात, तिथं आजही तोच कोरा रकाना चालतो. मला जास्त चिंता त्यांची आहे. फाशीची फाइल दिल्लीपर्यंत तपासली जाते. सात वर्षांवाल्या पोराची फाइल पुष्कळदा हायकोर्टात पोचते तोवर त्यानं निम्मी शिक्षा भोगलेली असते.

काटोलचा_वकील

ताई, सनद मिळून थोडेच दिवस झालेत. पुढच्या आठवड्यात माझ्या अशिलाच्या शिक्षेवर सुनावणी आहे, जबरी चोरीत दोषी ठरलाय. सरकारी वकिलांनी असाच तक्ता दिलाय. नेमकं काय करू?

झिरोमाईल

आधी तक्त्याची प्रत आणि अभ्यासाला वेळ मागा, तोंडी नको, अर्ज द्या म्हणजे रोजनाम्यात येईल. जिथं शिक्षा झाली असं लिहिलंय तिथं निकालाची प्रमाणित प्रत मागा. पूर्वीची दोषसिद्धी अशीच सिद्ध करायची असते, जुन्या संहितेचं कलम २९८ वाचा. प्रलंबित गुन्ह्यांवर वासनिक निकाल लावा. "परिसरात दहशत" असं विधान झालं तर लेखी हरकत घ्या: कोणाच्या माहितीवर, त्या माणसाला तपासा. अहवाल मागवला असेल तर कलम ७ खाली सारांश मागा, समाजकार्यवाली ताईंनी वर सांगितलंय. आणि अशिलाच्या बाजूचं जे देणार ते देणाऱ्या माणसासकट द्या. पुढाऱ्याचं पत्र आणू नका. त्याचा मालक, शाळेतले गुरुजी, जो त्याला खरंच ओळखतो तो पिंजऱ्यात उभा करा.

निवृत्त_अंमलदार

पोरा, माझं एक ऐक. तक्त्यातली प्रत्येक नोंद एफआयआरशी ताडून बघ. वडिलांचं नाव, वय, पत्ता, तिन्ही. नुसतं नाव जुळतंय म्हणून धरून चालू नको. आणि सुटल्याचे निकाल ठाण्यात शोधत बसू नको, कोर्टाच्या रेकॉर्ड विभागात जा.

काटोलचा_वकील

धन्यवाद काका, ताई. तक्ता आताच समोर घेतला. चार नोंदी आहेत. त्यातल्या एकीत अशिलाचं वय सात वर्षांनी जास्त दाखवलंय आणि पत्ता हिंगण्याचा आहे, हा तिकडं कधी राहिलेलाच नाही म्हणतो. उद्या सकाळी नकलेचा अर्ज टाकतो.